जपानी फुलांची आणि देवळांची छापचित्रं जमवताना : आधी मागची बाजू, मग चित्र

ओळखीपाळखीतले लोक मला जपानी छापचित्रांचे, म्हणजे लाकडी ठशांवरून कागदावर छापलेल्या चित्रांचे, फोटो पाठवतात. प्रश्न ठरलेला असतो, "हे ओरिजिनल आहे ना?" फोटो समोरून, काचेच्या आतला, थोडा तिरका काढलेला असतो. पैसे भरून झालेले असतात. अशा फोटोवरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. बहुतेकांची आवड चांगली असते, ते चुकतात क्रमात. चित्र आवडतं, लगेच पैसे भरले जातात आणि तपासणी मग होते. म्हणून मी ज्या क्रमानं जातो तो क्रमच इथे लिहितो आहे.

टप्पा १ : "खरं का?" हा प्रश्न सोडा, "कधीची छाप?" हे विचारा

चेरीच्या लाकडावर कोरलेला ठसा खूप टिकतो. एकाच ठशावरून १९३५ साली छपाई होऊ शकते आणि २००५ सालीही. दोन्ही वेळा रंग ब्रशनं लावलेला, दोन्ही वेळा कागद हातानं घासलेला. दोन्ही अस्सल ठसेचित्रंच. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. म्हणून "खरं" या एका शब्दात चार वेगळ्या वस्तू दडलेल्या असतात :

१. चित्रकाराच्या हयातीत, मूळ ठशांवरून झालेली छाप. यातली अगदी पहिली खेप म्हणजे शोझुरी.
२. मूळ ठशांवरूनच, पण नंतर काढलेली छाप. जपानीत आतोझुरी.
३. जुन्या चित्राबरहुकूम नवे ठसे कोरून हातानं छापलेलं चित्र. जपानीत फुक्कोकु. टोकियोची अदाची ही संस्था हे काम उघडपणे आणि उत्तम करते.
४. यंत्रावर छापलेली प्रतिमा. ही ठसेचित्र नव्हेच, पोस्टर.

पहिल्या तिन्हींत विकत घेण्यात काहीच कमीपणा नाही. क्योटोच्या उन्सोदो या प्रकाशनानं आपले जुने ठसे जपले आहेत आणि त्यांवरून आजही छपाई करून ते तसं सांगून विकतात. फुलांचं चित्र भिंतीवर लावायला हवं असेल, तर मी नवशिक्याला डोळे मिटून तिथली नवी छाप घ्यायला सांगेन. फसगत होते ती तिसऱ्या क्रमांकाच्या चित्राला पहिल्या क्रमांकाचा भाव मोजला की.

सावधान : विक्रेत्यानं "ओरिजिनल वुडब्लॉक प्रिंट" लिहिलं तर त्याचा अर्थ फक्त "लाकडी ठशानं छापलेलं" इतकाच घ्या. वर्षाबद्दल तो त्यात काहीही सांगत नाही.

टप्पा २ : विषय अरुंद करा

"फुलं आणि देवळं" हा विषय ऐकायला नेमका वाटतो, प्रत्यक्षात तो समुद्र आहे. यात पहिली गल्लत देवळाच्या नावातच होते. शिंतो देऊळ म्हणजे जिंजा, बौद्ध देऊळ म्हणजे तेरा. परदेशी विक्रेते दोन्हींना सर्रास एकच शब्द लावतात. चित्रकार कावासे हासुइचं १९२५ सालचं ते प्रसिद्ध चित्र, लाल इमारतीसमोर बर्फाच्या वाऱ्यात छत्री आडवी धरून चाललेली बाई, ते शिबाच्या झोजोजीचं आहे. झोजोजी हे बौद्ध देऊळ. ते "श्राइन" म्हणून कित्येकदा विकायला दिसतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे तोरी. दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया असं ते द्वार दिसलं तर बहुधा जिंजा. नावाच्या शेवटी जिंजा, जिंगू, ताइशा किंवा तेनमांगू असेल तर जिंजा. "जी" किंवा "देरा" असेल तर बौद्ध देऊळ.

मग धागा एकच निवडा. मला सगळ्यात आवडणारा धागा असा : ज्या जिंजा एखाद्या फुलासाठी ओळखल्या जातात, त्यांचीच चित्रं. कामेइदो तेनजिनची निळी-जांभळी फुजी (विस्टेरिया), युशिमा तेनजिनचा उमे, म्हणजे जपानी प्लमचा मोहर, नेझू जिंजाची अझेलिया, मेइजी जिंगूच्या बागेतली आयरिस. फूल आणि देऊळ दोन्ही एकाच कागदावर येतं. दुसरा मार्ग म्हणजे एकच चित्रकार धरायचा. देवळांसाठी हासुइ (१८८३–१९५७), योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) किंवा त्सुचिया कोइत्सु (१८७०–१९४९). फुलं आणि पक्ष्यांसाठी ओहारा कोसोन (१८७७–१९४५). निव्वळ फुलांसाठी कावाराझाकि शोदो आणि तानिगामि कोनान. या दोघांची फुलं उन्सोदोनं छापली. कोनाननं तर १९१७ मध्ये ट्युलिप, डेलियासारख्या पाश्चात्त्य फुलांची अख्खी मालिका केली. ही फुलं आपल्या बागेतही ओळखीची असल्यानं रंग बरोबर आहे की उडालेला, हे आपल्याला चटकन कळतं.

माझं मत विचाराल तर पहिली खरेदी फुलाची करा, देवळाची नको. हासुइच्या बर्फातल्या देवळांना मागणी फार, म्हणून नकला आणि अर्धवट माहितीही तिथेच जास्त.

टप्पा ३ : पैसे काढण्याआधीची तयारी

पिशवीत एवढंच लागतं : दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी, छोटी टॉर्च आणि वही. हातमोजे नकोत. मोज्यांत बोटांना कागद जाणवत नाही आणि कोपरा दुमडतो. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका.

आकार पाठ करा, कारण आकारावरून निम्मी शंका मिटते. ओबान म्हणजे साधारण ३९ × २६.५ सेंटीमीटर, चुबान म्हणजे त्याच्या निम्मा, साधारण २६ × १९. ओतानझाकु उभट आणि अरुंद, साधारण ३८ × १७. कोसोनची फुलं या उभट आकारात बरीच आहेत. ओबान म्हणून विकलेलं चित्र ३६ × २४ भरलं, तर ते कडेनं कापलेलं आहे किंवा नक्कल आहे.

दुसरी तयारी डोळ्यांची. हवं असलेलं चित्र बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या ऑनलाइन संग्रहांत शोधा आणि एकाच चित्राच्या तीन-चार छापा शेजारी ठेवून पाहा. उदाहरण म्हणून हिरोशिगे या जुन्या चित्रकाराचं १८५६ सालचं कामेइदो तेनजिन घ्या. वरून फुजीचे घोस लोंबताहेत, मागे ढोलासारखा गोल पूल. काही छापांत पुलाच्या कमानीतून दिसणारं आकाशही पाण्याच्याच निळ्यानं भरलेलं आहे. ती छापणाऱ्याची चूक. इतर छापांत ती सुधारलेली दिसते. हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात की "चित्र" आणि "छाप" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुन्हा कोणी सांगावं लागत नाही.

टोकियोत असाल तर हाराजुकुच्या, ठसेचित्रांसाठीच्या ओता म्युझियममध्ये एक दुपार घालवा आणि मग जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्ल्यांत जा. क्योटोत दर महिन्याच्या २५ तारखेला कितानो तेनमांगू या जिंजेत आणि २१ तारखेला तोजी या बौद्ध देवळात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. २५ फेब्रुवारीला कितानोत उमेचा उत्सवही असतो. पहिल्या फेरीत काही घेऊ नका, फक्त हाताळा.

तपासा : हव्या असलेल्या चित्राचा आकार, प्रकाशक आणि चित्रकाराचं मृत्युवर्ष या तीन गोष्टी वहीत लिहिल्या आहेत का? नसतील तर अजून दुकानात जायची वेळ झालेली नाही.

टप्पा ४ : चित्र हातात आल्यावर, मागून पुढे

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि लोक तो उलटा करतात. समोरून पाहिलं की मन गुंततं आणि मन गुंतलं की डोळे माफी देऊ लागतात. म्हणून मागून सुरुवात.

(क) पाठ. दुकानदाराला विचारा, "उरा ओ मिते मो ई देसु का?" म्हणजे मागची बाजू पाहिली तर चालेल का. चांगला दुकानदार खूश होतो. एका म्हाताऱ्या दुकानदारानं माझा प्रश्न ऐकून स्वतःच कागद दोन्ही हातांनी वरच्या दोन कोपऱ्यांत धरला, पुस्तकाचं पान उलटावं तसा हळूच उलटला आणि दिव्याखाली सरकवला. पुढच्या बाजूला गडद निळ्या आकाशाचं देऊळ होतं. पाठीवर तेच देऊळ उलटं, पुसट, धुक्यातलं दिसत होतं आणि आकाशाच्या जागी गोल गोल घासल्याच्या रेषा, जणू शेणानं सारवलेल्या जमिनीवर हाताचे फराटे. त्या रेषा बारेनच्या. बारेन म्हणजे वेळूच्या सालीत गुंडाळलेली गोल चकती, तिनं कागद ठशावर घासतात. पाण्यात कालवलेला रंग कोझोच्या, म्हणजे कागदी तुतीच्या सालीच्या, धाग्यांत मुरतो, म्हणून मागे उतरतो. पाठ पांढरी स्वच्छ असेल तर आधी संशय घ्या. फिकट रंगांच्या, जाड कागदाच्या चित्रात रंग कमी उतरतो. पण गडद भागाच्या मागेही काहीच नसेल तर ठेवून द्या.

मागे दुसरा कागद चिकटवलेला असेल (उराउचि), तर पाठ दिसणारच नाही. मग किंमत त्या हिशेबानं.

(ख) तिरपा उजेड. टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ आडवी धरा. फुलांच्या चित्रात ही पायरी कधीही गाळू नका. पांढऱ्या पाकळ्या, बगळ्याची पिसं, बर्फ अशा जागी अनेकदा रंग न लावता नुसता ठसा दाबलेला असतो. याला काराझुरी म्हणतात. समोरून काही दिसत नाही, तिरप्या उजेडात पाकळीच्या शिरा उठून येतात. यंत्राच्या छपाईत हा उठाव नसतो. चित्र कधी काळी जोरात दाबून चिकटवलं गेलं असेल तर उठाव सपाट झालेला असतो, तेही इथेच कळतं.

(ग) भिंग. एका रंगाच्या सपाट भागावर भिंग धरा. ठराविक अंतरावरचे ठिपके दिसले तर यंत्रछपाई, विषय संपला. ठसेचित्रात रंग सलग, कागदाच्या धाग्यांवर बसलेला आणि कुठे कुठे लाकडाच्या रेषा उमटलेला दिसतो.

सावधान : ठिपके नाहीत म्हणजे ठसेचित्रच, असं नाही. कोलोटाइप या जुन्या छपाईपद्धतीत असे ठिपके येत नाहीत आणि जपानमध्ये त्या पद्धतीनं फार सुंदर प्रतिकृती झाल्या आहेत. म्हणून भिंगाचा कौल पाठ आणि तिरपा उजेड यांच्याशी जुळला तरच धरायचा.

(घ) समास. चित्राभोवतीची मोकळी पट्टी पूर्ण आहे का पाहा. कागद नेमका बसवण्यासाठी ठशावर केंतो नावाच्या दोन खाचा असतात, खाली उजव्या कोपऱ्यात काटकोनी आणि खालच्याच कडेला डावीकडे सरळ. समास शाबूत असेल तर त्यांचा दाब कधीकधी कागदावर सापडतो. विसाव्या शतकातल्या चित्रांत प्रकाशकाचा शिक्का बऱ्याचदा समासात असतो. समास कापला की दाखलाच गेला. हिरोशिगेच्या एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, शंभर दृश्यांच्या मालिकेतही प्रकाशकाचा आणि तपासनिसाचा शिक्का चित्राबाहेर असल्यानं कापलेल्या प्रतीत ते गायब असतात. एदोकाळातल्या, म्हणजे १८६८ पूर्वीच्या, चित्राचा समास कापलेला असणं मी समजून घेतो. हासुइच्या चित्राचा कापलेला समास मात्र नाही.

आता चित्र पाहा. मनसोक्त.

टप्पा ५ : तारीख आणि शिक्के

जपानी साल राजाच्या कारकिर्दीचं असतं. हिशेब असा : मेइजीच्या सालात १८६७ मिळवा, ताइशोच्या सालात १९११, शोवाच्या सालात १९२५. म्हणजे शोवा ७ = १९३२, ताइशो १४ = १९२५. लिपी न येताही नाव ओळखता येतं. मेइजीच्या पहिल्या अक्षरात सूर्य आणि चंद्र शेजारी बसलेले, म्हणजे दोन उभे चौकोन. ताइशोचं पहिलं अक्षर हातपाय पसरून उभ्या माणसासारखं. शोवाच्या पहिल्या अक्षरात डावीकडे मधे रेघ असलेला उभा चौकोन. आकडे त्याहून सोपे : एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा, दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा आडवा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा, हे विसरलात तर साल उलटं लागतं.

सावधान : छापलेली तारीख चित्र रेखाटल्याची किंवा ठसे कोरल्याची असते, कागद छापल्याची नव्हे. १९३२ चं साल असलेली छाप १९७० ची असू शकते. तारीख वाचून किंमत मोजणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात महाग पडणारी चूक.

छपाईची वेळ सांगतो तो प्रकाशकाचा शिक्का. हासुइचा मुख्य प्रकाशक वातानाबे शोझाबुरो. त्याचे शिक्के काळानुसार बदलत गेले आणि त्यांचे तक्ते जाणकार विक्रेत्यांकडे आणि संग्राहकांकडे असतात. युद्धापूर्वीच्या छापांवर समासात उभट, अक्षरांच्या ओळीचा शिक्का. युद्धानंतर, हासुइच्या शेवटच्या वर्षांत, चित्रातच कोपऱ्याला ६ मिलिमीटर व्यासाचा लहान गोल शिक्का. त्याच्या मृत्यूनंतरच्या छापांवर दिसणारा गोल शिक्का जरासा मोठा, ७ मिलिमीटरचा. पट्टी मिलिमीटरची घ्या म्हटलं ते याचसाठी. फोटोवरून हा फरक सांगायला जाऊ नका, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. १ सप्टेंबर १९२३ च्या टोकियोतल्या भूकंपात वातानाबेचं दुकान, ठसे आणि साठा जळून गेला. त्यामुळे त्याआधीच्या वातानाबे छापा दुर्मीळ आहेत. कोणी सहजगत्या तसा दावा केला तर दुप्पट तपासा.

योशिदा हिरोशीचं वेगळं. त्यानं पुढे स्वतःच प्रकाशन केलं आणि आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर डाव्या समासात "जिझुरी" म्हणजे "स्वतः छापलेलं" असा शिक्का दिला. जिझुरी नसेल तर बहुधा मृत्यूनंतरची छाप. खालच्या समासात रोमन लिपीत पेन्सिलीची सही असते किंवा सहीचा ठसा असतो. पेन्सिलीचं शिसं तिरप्या उजेडात चकाकतं, ठशाची सही चकाकत नाही. मराठी संग्राहकांना सांगायलाच हवं : योशिदा भारतात आला होता आणि १९३१-३२ च्या त्याच्या भारतमालिकेत ताजमहाल, काशीच्या घाटांबरोबर अजिंठा आणि वेरूळही आहेत. त्यांनाही हाच नियम, आधी जिझुरी शोधा.

कोसोनची सही काळ सांगते. सुरुवातीची, शतकाच्या पहिल्या काही वर्षांतली फुलं "कोसोन" सहीची. वातानाबेसाठी १९२६ पासून केलेली "शोसोन". साकाइ-कावागुचि या प्रकाशनाची "होसोन". माणूस एकच. "कोसोनची सही नाही म्हणून नकली" असं ठरवून एका ओळखीच्यानं निळ्या आयरिसचं सुंदर चित्र परत केलं होतं. त्यावर शोसोन लिहिलं होतं.

तपासा : सही, प्रकाशक आणि शिक्क्याचा काळ या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत का? एक जरी फटकून असेल तर किंमत नंतरच्या छापेची धरा.

टप्पा ६ : दोष तोला

दोष असणारच, शंभर वर्षांचा कागद आहे. प्रश्न आहे कोणता दोष चालवून घ्यायचा. माझा क्रम असा. वाळवी-कसरीची भोकं सर्वांत कमी वाईट, तज्ज्ञ ती भरू शकतो. मधली घडी त्याहून थोडी वाईट. तपकिरी ठिपके, जुन्या चिकटपट्टीचे डाग आणि पुठ्ठ्याच्या खिडकीभोवती पडलेली करपट चौकट त्याहून वाईट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उडालेला रंग, कारण तो परत येत नाही.

फुलं जमवणाऱ्यानं रंगाकडे जास्तच लक्ष द्यावं. जुन्या चित्रांत गुलाबी-लाल रंग बहुधा बेनिचा, म्हणजे करडईच्या फुलाचा. तो उजेडात उडतो. जुना निळा आइगामि तर उजेडानंच नव्हे, ओलाव्यानंही जातो. जांभळा हा निळा आणि बेनि मिसळून केलेला, म्हणून फुजी आणि आयरिसची चित्रं आधी फिकी पडतात. जांभळी फुजी राखाडी दिसत असेल तर ती तशी छापलेली नाही, तशी झालेली आहे. १८३० च्या सुमारास प्रचारात आलेला प्रशियन निळा मात्र चांगला टिकतो. म्हणून आकाश टवटवीत आणि फुलं मेलेली, अशा प्रती मिळतात. फ्रेमच्या पट्टीखाली झाकली गेलेली कडची पट्टी पाहा, मूळ रंग तिथे सापडतो. एकच रंग संशयास्पद ताजा असेल तर वरून पुन्हा भरलेला असू शकतो. अशी प्रत घेऊ नका.

टप्पा ७ : ऑनलाइन घेताना

आधी पाच फोटो मागा : पूर्ण पुढचा भाग समासासकट, पूर्ण मागचा भाग, शिक्का पट्टीसह, एका कडेनं तिरप्या उजेडात, आणि सही जवळून. फ्रेममधलं चित्र असेल तर फ्रेम काढून. "फ्रेम उघडता येत नाही" हे उत्तर आलं तर मी पुढे जात नाही. हा नियम नसता तर किमान दोन वेळा मी चुकलो असतो.

जपानी लिलावांत वर्णन जपानीत असतं आणि यंत्रभाषांतर नेमके हेच शब्द बिघडवतं. म्हणून मूळ शब्द ओळखीचे असू द्या : याके म्हणजे उन्हानं पिवळेपणा, शिमि म्हणजे डाग, मुशिकुइ म्हणजे किड्यांची भोकं, ओरे म्हणजे घडी, योगोरे म्हणजे मळ, उराउचि म्हणजे मागे कागद चिकटवलेला, आणि आतोझुरी, फुक्कोकु वर आलेच आहेत. जपानी विक्रेते दोष सहसा प्रामाणिकपणे लिहितात. न वाचणं ही चूक आपली.

टप्पा ८ : भारतात आणताना

चित्र गुंडाळून मागवू नका. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट, पुठ्ठ्यांच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात, आत ओल लागणार नाही असं वेष्टण. मुंबई-कोकणाकडे येणार असेल तर शक्य तोवर जुलै-ऑगस्ट टाळा.

बिलावर "हातानं छापलेलं मूळ ठसेचित्र", चित्रकार, अंदाजे साल आणि खरी किंमत लिहायला सांगा. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मूळ ठसेचित्रं, शंभर वर्षांहून जुनी असली तरी, ९७०२ खाली येतात. यंत्रानं छापलेली चित्रं वेगळ्याच गटात. दर बदलतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात कुरियर कंपनीकडून खात्री करा. "गिफ्ट म्हणून लिहा" असं विक्रेत्याला सांगू नका. कायद्याचा भंग तर होतोच, शिवाय वाटेत नुकसान झालं तर विम्याचा दावा त्या खोट्या किमतीवरच होतो.

टप्पा ९ : घरी आल्यावर

पार्सल एक दिवस न उघडता खोलीत ठेवा. मग उघडा आणि टप्पा ४ पुन्हा करा, परतीची मुदत आहे तोवरच.

चित्र चौकटीतच आलं असेल तर जुनी फ्रेम आणि आतला पुठ्ठा काढून टाका, तो करपट डाग देणाराच निघतो. यात माझं नुकसान झालं आहे. पुण्यात एका फ्रेमवाल्याकडे शोदोचं पांढऱ्या पिओनीचं चित्र दिलं. त्यानं ते गोंदानं हार्डबोर्डवर नीट, एकही बुडबुडा न ठेवता चिकटवून दिलं. त्याच्या दृष्टीनं काम चोख होतं. मी सूचना दिलेली नव्हती. पाकळ्यांचा उठाव गेला, पाठ कायमची गेली. तेव्हापासून मी लिहूनच देतो :

– गोंद, फेविकॉल, दुहेरी टेप, लॅमिनेशन यातलं काहीही नको.
– चित्र फक्त वरच्या कडेला, मागून, जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या खळीनं लटकवायचं. खालची बाजू मोकळी.
– आम्ल नसलेला सुती पुठ्ठा, पुढे खिडकीचा माउंट, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही.
– अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक.

भिंत उन्हाची नको, स्वयंपाकघराची नको आणि पावसात ओल धरणारी बाहेरची तर नकोच. संग्रहालयं अशा कागदावर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. घरी तेवढं जमत नाही, म्हणून तीन-चार महिने लावायचं आणि मग उतरवून दुसरं लावायचं. उमे फेब्रुवारीत, फुजी मे महिन्यात, बर्फातलं देऊळ डिसेंबरात, असा ऋतूप्रमाणे फेरा ठेवला की चित्रांना विसावाही मिळतो.

बाकीची चित्रं आम्लमुक्त कागदाच्या घडीत, सपाट, पेटीत ठेवा. प्लास्टिकच्या बंद पाकिटात दमट हवा कोंडली की बुरशी येते, म्हणून किनाऱ्याजवळच्या घरांत पाकीट एका बाजूनं तरी उघडं असू द्या. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, पेटीशेजारी दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेल कागदाला टेकू देऊ नका, डांबरगोळ्या तर पेटीत घालूच नका. पावसाळा संपला की, दसऱ्याच्या आसपास, प्रत्येक चित्र उघडून दोन्ही बाजूंनी पाहा. कसरीची पावडर किंवा करडा लव दिसला तर ते चित्र लगेच वेगळं करा आणि पुसू नका. पुसल्यानं बुरशी धाग्यांत घुसते. कागद सांभाळणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

टप्पा १० : नोंद

प्रत्येक चित्राचं वहीत एक पान : चित्रकार, विषय (जिंजा की तेरा, कोणतं फूल), कागदाचं माप समासासकट, छापलेली तारीख, शिक्क्याचं वर्णन आणि व्यास, छपाईचा तुमचा अंदाज, दोष, कुठून आणि कितीला घेतलं, बिल. सोबत पुढचा आणि मागचा फोटो. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहा, पुढे जाणकार भेटला तर त्याच ओळीखाली तारखेसह दुरुस्ती करा, आधीचं खोडू नका. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनंसुद्धा काही लिहायचं नाही. क्रमांक घालायचा तो ज्या कागदी घडीत चित्र ठेवलं आहे तिच्या बाहेरच्या कोपऱ्यात, चित्र आत ठेवण्याआधी.